तळ्याकाठचे कंट्रोलर

"धारूर, वडवणीमार्गे बीडला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे. प्रवाशांनी कृपया... आली! आली बे, आली! आगं आई, किती आल्यात!"

बसस्टँडच्या भोंग्यावरून हे ऐकलं आणि फलाटावरची झाडून सगळी माणसं उठली. बायकांनी लेकरं काखोटीला मारली, गाठोडी डोक्यावर गेली, एका आजोबांनी खिडकीतून जागा धरायला रुमाल हातात तयार ठेवला. गाडीचा मात्र पत्ता नव्हता. आमच्या गावचा स्टँड तळ्याला अगदी खेटून आहे, मधे नावाला एक तारेचं कुंपण. त्या कुंपणापलीकडे तांबड्या रंगाची मोठाली बदकं घिरट्या घालत पाण्यावर उतरत होती, आणि वाहतूक नियंत्रक रंगनाथ तिडके माइक बंद करायचं विसरून केबिनच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आले होते. मागून एका कंडक्टरने त्यांचा शर्ट धरून ठेवला होता, म्हणून बरं. नाहीतर बदकांच्या आधी तेच खाली उतरले असते.

मी युसूफ वडगाव नावाच्या गावात शाळेवर मास्तर. रोज सकाळची गाडी धरायची, त्यामुळे अर्धं आयुष्य स्टँडवर गेलं आणि त्यातलं निम्मं तिडके अण्णांच्या केबिनच्या दारात. पगारी मित्र म्हणायला हरकत नाही, कारण दोघांनाही सरकार त्या वेळेचा पगार देत होतं.

अण्णा दिसायला बुटके, किडकिडीत. इस्त्रीच्या खाकी शर्टात अर्धी जागा रिकामीच राहायची. आवाज देताना मात्र देवाने हात आखडता घेतला नव्हता. तो आवाज ऐकून लोक केबिनमध्ये डोकावायचे आणि समोर बसलेल्या अण्णांनाच विचारायचे, "ते बोलणारे साहेब कुठं गेले हो?" अण्णांना हे फार आवडायचं. ते शांतपणे माइक ओढून पुढची गाडी पुकारायचे आणि विचारणाऱ्याचा चेहरा बघत बसायचे. आवाजाची बडदास्त म्हणाल तर एखाद्या गवयाने लाजावं. दही नाही, लोणचं नाही, माठाचं पाणी नाही. खिशात कायम खडीसाखर. गावात कुणाचंही लग्न असो की पुढाऱ्याची सभा, निवेदनाला अण्णा हवेतच, आणि बोलावलं नाही तर दोन दिवस ते त्या घरच्या माणसांची गाडी जरा तुटकपणेच पुकारायचे.

गाडीला उशीर झाला असं त्यांनी कधी म्हटलं नाही. कुणी वैतागून आलं की म्हणायचे, "गाडी रस्त्यात हाय."

"आवो पण कावून येईना मग?"

"रस्ता लांब हाय."

माणूस परत जाऊन बाकड्यावर बसायचा.

पक्ष्यांचा नाद त्यांना कसा लागला, हे त्यांनाही सांगता यायचं नाही. केबिनला दोन खिडक्या होत्या, एक फलाटाकडे आणि एक तळ्याकडे. फलाटाकडच्या खिडकीत कायम भांडणं, म्हणून ते दुसरीकडे बघायला लागले असावेत. त्यातले ते काही मोठे जाणकार नव्हते. पक्ष्यांच्या एका पुस्तकाशी त्यांचं कायमचं भांडण होतं. पुस्तकातलं चित्र आणि समोरचा पक्षी जुळला नाही की चूक पुस्तकाची. नावंही त्यांनी आपलीच ठेवली होती. बारा महिने तळ्यात राहणाऱ्या चांदव्या म्हणजे 'शटल', इकडून तिकडे, तिकडून इकडे. लांब लाल पायांचे शेकाटे चिखलात एकेक पाऊल जपून टाकत, वाकून वाकून बघत चालतात, म्हणून ते 'चेकर'. टिटवी म्हणजे युनियनवाली. कारण असो नसो, घोषणा चालू.

आणि तांबडी. पुस्तकात त्यांना चक्रवाक म्हणतात, पण अण्णांच्या लेखी ती तांबडीच. दिवाळी झाली की आमच्या भागातली गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात. स्टँडसमोर ट्रक, ट्रॅक्टर लागतात, त्यात भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं चढतात आणि चार दिवसांत बाजारपेठेत सामसूम होते. तेवढ्यातच ही तांबडी कुठून हिमालयापलीकडून येतात आणि आमच्या त्या दीडदमडीच्या तळ्यात, स्टँडकडच्या चिखलात, उतरतात. फाल्गुनापर्यंत राहतात. अण्णांचा मुलगाही पुण्याला कंपनीत गेलेला, त्याच स्टँडवरून, अण्णांनीच पुकारलेल्या गाडीने.

एकदा मी त्यांना छेडलं, "अण्णा, पोरगा आला तेव्हा पण एवढे नाचला नव्हता."

ते हसले नाहीत. म्हणाले, "गुरुजी, माझी सगळी नोकरी लोकाला इथनं घालवून देण्यात गेली बघा. जातंय त्याला गाडी सांगायची. राहायला म्हणून आपल्या गावात कोण येतंय? एवढी तांबडीच येत्यात."

त्यानंतर मी त्या बदकांवरून त्यांची थट्टा केली नाही. म्हणजे, कमी केली.

ते नोकरीत होते तोवर त्यांचं राज्य होतं हेही सांगायला हवं. एका वर्षी टिटवीने स्टँडच्या आवारातच, खडीवर, अंडी घातली. अंबाजोगाईची गाडी जिथे लागते, बरोबर तिथे. अण्णांनी आगारातून जुने टायर आणवून अंड्यांभोवती गोल मांडला आणि अंबाजोगाईचा फलाटच पलीकडे हलवला. लोक सवयीने जुन्या जागी उभे राहायचे, गाडी दुसरीकडे लागायची, मग पळापळ आणि शिव्या. अण्णा भोंग्यावरून खणखणीत सांगायचे, "अंबाजोगाईचा फलाट काही तांत्रिक कारणामुळे बदलण्यात आला आहे." ते तांत्रिक कारण टायरमध्ये बसून ओरडत असायचं. आणि पिल्लं बाहेर पडून तळ्याकडे निघाली त्या दिवशी तर अण्णा शिट्टी घेऊन भर आवारात उभे राहिले आणि वडवणीची गाडी त्यांनी जागच्या जागी थांबवली.

"अण्णा, टाइम झालाय," ड्रायव्हर ओरडला.

"गाडी माझी हाय का तुझी बे? बंद कर इंजिन."

चार कापसाचे बोळे असावेत तशी ती पिल्लं कुंपणाखालून पलीकडे गेली, मगच हात खाली आला. फळवाला मुश्ताकभाई आपल्या पपईच्या गाड्यावरून हे बघत होता. तो म्हणाला, "इतनी इज्जत तो आमदार को भी नहीं देते अण्णा." अण्णा म्हणाले, "आमदार पायी जात न्हाई."

ते निवृत्त झाले. निरोपाला लोकांना घड्याळ नाहीतर पंखा मिळतो, अण्णांनी दुर्बीण मागून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँडवर आलो तर स्वारी तळ्याच्या बांधावर हजर. शर्ट इस्त्रीचाच, फक्त खाकीऐवजी पांढरा. त्यांना फक्त एकाच गोष्टीचं वाईट वाटायचं. एवढं सगळं तळ्यावर घडतं आणि गावातलं कुणी बघत नाही. जाणाऱ्या येणाऱ्याला हाका मारून ते दुर्बीण डोळ्याला लावायला लावायचे. लोक त्यातून तांबडी बघायची सोडून पलीकडचं दारूचं दुकान उघडलंय का ते बघायचे.

आणि मग भैय्या आले.

भैय्या म्हणजे आमच्या गावचे पुढारी. वय फार नाही, माणूस मनाने वाईट तर मुळीच नाही. कॉलेजला असताना त्यांची गाडी चुकू नये म्हणून अण्णा त्यांच्या नावाने पुकारा करायचे, त्याची जाण ठेवून दिसले की पाया पडणारे. फाल्गुनातली अशीच एक गारठ्याची सकाळ होती. भैय्या चार कार्यकर्ते घेऊन बांधावरून चालले होते. अण्णांनी त्यांना हाक मारली आणि दुर्बीण हातात दिली.

भैय्या बराच वेळ बघत राहिले. तांबडी उन्हात बसून पिसं साफ करत होती. दुर्बीण खाली घेतली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं नवल होतं.

"अण्णा, हे आपल्या गावात हाय?"

"तुमच्या जन्माच्या आधीपासनं हाय भैय्या."

"आवो मग हे समद्या तालुक्यानं बघायला पायजे की!"

आयुष्यभर ज्या वाक्याची वाट बघितली ते वाक्य कुणीतरी बोललं होतं. अण्णांना काय करू आणि काय नको झालं. ते म्हणाले, "जास्त काय न्हाई भैय्या, बसायला चार बाकडी टाका हितं. लोक येतील. बसतील. बघतील."

एवढंच मागितलं त्या माणसाने. चार बाकडी.

बाकडी आली. बाकड्यांपर्यंत जायला वाट हवी म्हणून सिमेंटची वाट आली. वाटेवरून कुणी घसरू नये म्हणून कठडा, कठडा दिसावा म्हणून दिवे, दिव्यांचा उजेड चिखलावर पडून वाईट दिसतो म्हणून चिखलावर दगड बसवून पिचिंग. प्रत्येक कामाचा नारळ अण्णांच्या हातून फुटला. आमच्याकडे रीतच आहे ती. ज्याने गोष्ट सुचवली त्याच्या हातून शुभारंभ. नाही म्हणणं म्हणजे चारचौघांत त्या माणसाचा अपमान. अण्णा दर वेळी घरून ठरवून निघायचे की आज सांगायचं, दगड नकोत, पाखरांना चिखल लागतो. आणि तिथे भैय्या वाकून पाया पडले, गळ्यात हार आला, हातात नारळ आला की अण्णा तो फोडून मोकळे व्हायचे. कठड्यावर तळ्याच्या लांबीचा फलक लागला होता. त्यावर हात जोडलेले भैय्या आणि शेजारी दुर्बीण घेतलेले 'पक्षीमित्र' अण्णा. फलकावरची बदकं कुठल्यातरी परदेशी जातीची, हिरव्या डोक्याची होती. अण्णा तेवढं मात्र बोलले, "ही आपली न्हाईत."

मी एकदा स्पष्ट म्हणालो, "अण्णा, भैय्यांना सांगा की. तुमचं ऐकतील ते."

"सांगितलं गुरुजी. ते म्हणले, अण्णा, तुमच्यासाठीच करतोय. आता काय बोलू?"

मग आवाजाची वेळ आली. तळ्याभोवती भोंगे बसवायचे आणि येणाऱ्यांना पक्ष्यांबद्दल माहिती, शिस्तीची सूचना ऐकवायची असं ठरलं. आवाज कुणाचा? हा काय प्रश्न झाला? अण्णांना गाडी करून बीडला नेलं, एका स्टुडिओत काचेच्या खोलीत बसवलं. परत आले ते नवऱ्यामुलासारखे. मला, मुश्ताकभाईला, चहावाल्याला, सगळ्यांना त्यांनी ते म्हणून दाखवलं. "नमस्कार. आपल्या गावच्या तळ्यावर दूरदेशीचे पाहुणे आले आहेत. कृपया शांतता राखा. पक्ष्यांना त्रास होईल असे वर्तन करू नका." शेवटच्या 'नका'वर त्यांचा आवाज असा काही खाली उतरायचा की अंगावर काटा यावा. त्या दिवशी अण्णा जितके खुश होते तितकं खुश मी त्यांना कधी बघितलं नाही.

दिवाळीत उद्घाटन झालं. ऊसतोडीचे ट्रक गेले. तांबडी आली.

आली, घिरट्या घातल्या आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली, तेच. अण्णा सगळ्यांना सांगत होते, दगड नवे हायत, सवय व्हायची, पहिल्यांदा बुजतात. मग दिव्यांवर आले. भैय्यांच्या मागे लागून त्यांनी निम्मे दिवे रात्री बंद करायला लावले, एवढं त्यांचं ऐकलं गेलं. तरी तांबडी टेकेनात. पौष आला. अण्णा तोंडाला फडकं बांधून पहाटेपासून बसायचे आणि दिवस वर आल्यावर परत जायचे.

शेवटी बोलला तो मुश्ताकभाई. आम्ही तिघं चहा पीत होतो. भोंग्यावर आधी बासरी वाजली, मग अण्णांचा आवाज तळ्याभर घुमला. लांब आभाळात तांबड्यांची एक माळ खाली येत होती ती तिथल्या तिथे वळली.

"अण्णा," मुश्ताकभाई पपई कापत, मान वर न करता म्हणाला, "बुरा मत मानो. मी रोज बघतो. उतरायला येत्यात, हे सुरू व्हतं, अन् जात्यात. दगडाचं न्हाई, लाईटचं न्हाई. तुमचा आवाज हाय तो."

अण्णांनी कप खाली ठेवला. वर भोंगा सांगत होता, कृपया शांतता राखा. अण्णा तो पूर्ण होईपर्यंत ऐकत राहिले, जणू पहिल्यांदाच ऐकत होते. मग उठून घरी गेले.

त्यानंतर महिनाभर त्यांनी काय काय केलं नाही! आधी भैय्यांकडे गेले. मी बरोबर होतो. अण्णा म्हणाले, "भैय्या, तेवढा माझा आवाज बंद करा."

भैय्या दचकले. "कोण काय बोललं का तुमाला अण्णा? नाव सांगा फक्त."

"कोण न्हाई. पाखरं बुजतात त्यानं."

"आवो तुमचा आवाज म्हंजी गावाची शान हाय. तो बंद केला तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याकडनं काम करून घेतलं अन् काढून टाकलं. मला तोंड दाखवायला जागा राहील का? दुसऱ्याचा लावू म्हणता का? न्हाई, तुमच्या जागी मी दुसरा लावणार न्हाई."

"कुणाचाच नका लावू."

"मग शांतता राखा हे लोकाला सांगायचं कुणी?"

भैय्यांनी चहा पाजला, पाया पडले आणि गाडीने घरी सोडलं. माणूस तुसडेपणाने वागला असता तर भांडता तरी आलं असतं. इतक्या मायेने वागणाऱ्याशी भांडायचं कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

मग नगरपंचायतीत गेले. तिथे कळलं की भोंग्यांची पेटी ठेकेदाराच्या ताब्यात, चावी त्याच्याकडे, ते यंत्र उजाडलं की आपोआप सुरू होतं, दिवसभर थोड्या थोड्या वेळाने वाजतं आणि अंधारलं की आपोआप बंद. ठेकेदाराला फोन लावले. आठवड्याने त्याचा एक माणूस मोटारसायकलवर आला, पेटी उघडली, काहीतरी पिळलं आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी अण्णांचा आवाज पार बाजारपेठेपर्यंत ऐकू यायला लागला. त्या माणसाची चूक नाही. भोंग्याबद्दल तक्रार म्हणजे आवाज कमी येतोय, हेच तो धरून चालला. आमच्याकडे आवाज जास्त होतोय म्हणून तक्रार आजवर कुणी केली होती?

अण्णा खचले ते तेव्हा. बोलणं कमी झालं. खडीसाखर सोडली. एका लग्नात निवेदनाला बोलावलं तर गेले नाहीत. घसा धरलाय म्हणाले. घसा ठणठणीत होता. मला त्यांचा राग यायचा, भैय्यांचा यायचा, त्या पिळून गेलेल्या माणसाचा यायचा. पण राग येऊन काय होतं? मी आपला गाडी आली की बसून शाळेला जायचो.

उन्हाळ्यात मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला आणि पावसाळा लागायच्या आत तिकडेच ते गेले. छातीत दुखल्याचं निमित्त झालं. गावाने शोकसभा तळ्यावरच घेतली, सकाळची. भैय्या रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं. सगळे उभे राहिले, माना खाली घातल्या, आणि त्या स्तब्धतेत बासरी वाजली. "नमस्कार," अण्णा म्हणाले. बायकांना हुंदके आवरेनात. भैय्यांनी तिथेच जाहीर केलं की हा आवाज कधीही बंद होणार नाही. टाळ्या पडल्या. मी आणि मुश्ताकभाईने एकमेकांकडे बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार होतो?

मला मात्र ते दिसतात ते त्याआधीच्या फाल्गुनातले. होळी तोंडावर आली होती, तरी थंडी जायचं नाव घेत नव्हती. माजलगावकडे गारा पडल्या होत्या आणि आमच्याकडे बोचरं वारं सुटलं होतं. मी स्टँडवर पोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. कठड्यापाशी अण्णा उभे होते. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

नाल्याच्या तोंडाशी ठेकेदाराचे दगड पुरले नव्हते, तिथे अंगणाएवढा चिखल राहिला होता. त्या चिखलात तांबडी होती. थोडीच. पिसं विस्कटलेली, माना पाठीत खुपसलेल्या. एकाचा पंख खाली लोंबत होता. रात्री गारांनी झोडपली असणार, आणि दिसेल त्या पाण्यावर उतरली असणार.

"आली गुरुजी," अण्णा कुजबुजले. त्यांचा तो आवाज कुजबुजताना मी कधी ऐकला नव्हता. "परतीला निघालीत. दमलीत लई. दिवसभर पडू द्यायला पायजे." मग त्यांनी वर, खांबावरच्या भोंग्याकडे बघितलं. "उजाडायला लागलं. आता सुरू व्हईल ते."

ते गळ्यातला मफलर सोडायला लागले. काय करायचंय ते मला कळलं. मी त्यांच्या हातातून मफलर घेतला, बाकड्यावर चढलो, कठड्यावर पाय देऊन खांबाला मिठी मारली आणि जवळच्या भोंग्यात तो कोंबला. वय झालेला मास्तर आहे मी, हात सोलवटले. खाली उतरून बघतो तर अण्णा तळ्याभोवतीच्या बाकीच्या खांबांकडे बघत होते. खांब पार पलीकडच्या काठापर्यंत होते आणि मफलर एकच होता.

बासरी वाजली. आमच्या डोक्यावरचा भोंगा तोंड दाबल्यासारखा घुसमटला, बाकीच्या सगळ्यांनी मिळून खणखणीत सांगितलं, "नमस्कार. आपल्या गावच्या तळ्यावर दूरदेशीचे पाहुणे आले आहेत."

तांबड्यांनी माना वर केल्या.

"गप!" अण्णा पुढच्या खांबाकडे पळत सुटले. "गप बे! गप की रे!" धापा टाकत, एक हात वर करून, ते स्वतःलाच दटावत होते. पहिलं बदक उठलं, मग सगळी. लोंबत्या पंखाचं तेवढं दोन वेळा पडलं, मग तेही कसंबसं उडालं. पाण्यावरून खालून खालून जात ती धारूरच्या डोंगराकडे गेली.

स्टँडवर माझ्या गाडीने हॉर्न दिला. कंडक्टर ओरडला, "गुरुजी, येताय का सोडू?" मी अण्णांकडे बघितलं, त्यांनी मान वळवली नाही. तिथे थांबून मी काय करणार होतो? मी गाडीत बसलो.

गाडी तळ्याला वळसा घालून जाते. खिडकीतून मला ते परत दिसले. मफलर नसलेली बारकी मान मागे टाकून, भोंग्याकडे बघत, ते खांबाखाली हात जोडून उभे होते आणि ओठ हलत होते. दोघे जण फिरायला निघालेले तिथून चालले होते. समोर दिवस उगवत होता. अण्णा सूर्याला नमस्कार करताहेत असं त्यांना वाटलं असावं. ते थांबले, एकाने डोक्यावरची माकडटोपी काढली, आणि तेही अण्णांच्या शेजारी हात जोडून उभे राहिले.